दौरा संपेपर्यंत

फेब्रुवारी 2024 मधली एक संध्याकाळ. नाशिक जिल्ह्यातल्या कांद्याच्या पट्ट्यात माझ्या मामाचं गाव आहे. खळ्यात रांगड्या कांद्याचा ढीग पडलेला, भोवती बायका बसलेल्या, विळ्यानं पात कापल्याचा सतत आवाज, आणि तो वास, जो डोकं धुतलं तरी केसांतून जात नाही. निर्यातबंदीला दोन महिने होऊन गेले होते. दुसऱ्या दिवशी तालुक्याला एक मंत्री येणार होते आणि मामासह गावातले काही जण त्यांना निवेदन देणार होते. निवेदनाबरोबर कांद्याची माळ. ती मामीनं सुतळीत ओवली होती, एका मापाचे, लालबुंद, सालपट न सुटलेले कांदे निवडून. पाहुण्याच्या गळ्यात घालायची तर हलका माल कसा ओवायचा, असं तिचं म्हणणं. दिवेलागणीला अंगणात मोटरसायकल थांबली. पुढे गावचे पोलीस पाटील, मागे बीट हवालदार. हवालदार मामाला 'नाना' म्हणतो, तोही कांदावाल्याचाच पोरगा. ओट्यावर बसला, पाणी प्याला, मामीनं चहा टाकला. मग त्यानं फाइलमधून कागद काढला आणि खालच्या मानेनं म्हणाला, "नाना, एवढी सही द्या."

149 ची नोटीस होती. मामानं चष्मा लावून सगळी वाचली. आपल्या कृत्यामुळे कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण झाल्यास आपणास व्यक्तिशः जबाबदार धरण्यात येईल, व सदरची नोटीस आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाईल, अशा अर्थाचा मजकूर. मामानं सही केली. सही होताच हवालदार उठला, मोबाइल काढला आणि म्हणाला, "कागद जरा छातीपाशी धरा नाना, फोटो वर पाठवावा लागतो." मामा ओट्याच्या खांबाला टेकून उभा राहिला, कागद दोन्ही हातांनी धरून. फ्लॅश पडला. खळ्यातल्या बायकांचे विळे थांबले होते. मामी चहाचे कप घेऊन दारात आली होती, ती तशीच आत गेली. चहा नंतर मी दिला.

त्या फोटोनं मला फार छळलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी आली. मामाला आणि बाकीच्यांना ठाण्यात बसवलं. कुणी अंगाला हात लावला नाही, कुणी आवाज चढवला नाही. पोहे आले, दोनदा चहा आला. दुपारी हेलिकॉप्टर डोक्यावरून गेल्याचा आवाज झाला तेव्हा एक साहेब दारात येऊन म्हणाले, "झाला दौरा, निघा आता." महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम 68, 69, डायरीत नोंद, ताब्यात घेऊन सोडून दिले, संपलं. मंत्र्यांचा सत्कार ठरल्याप्रमाणे झाला. निवेदन मामाच्या खिशात घामानं ओलं झालं होतं.

ही पद्धत आपल्याकडे इतकी रुळली आहे की तिची बातमीही होत नाही, झालीच तर आतल्या पानावर चार ओळी. कार्यकर्त्यांना नोटिसा, कार्यकर्ते ताब्यात, दौरा शांततेत पार. ज्यांच्या घरी अशी नोटीस कधी आलेली नाही त्यांना वाटतं, बरं झालं, गोंधळ टळला. मलाही इतकी वर्षं हा मजकूर वाचताना काही खटकलं नव्हतं. मामाच्या ओट्यावरून परत आल्यावर मी फौजदारी प्रक्रिया संहिता उघडली. कलम 149 हे एका वाक्याचं आहे. दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा गुन्हा, घडू नये म्हणून प्रत्येक पोलीस अधिकारी मध्ये पडू शकतो आणि आपल्या पूर्ण शक्तीनिशी तो गुन्हा टाळेल, एवढंच त्यात म्हटलं आहे. नोटिशीचा तिथे उल्लेखही नाही. कायद्यानं ते काम पोलिसाला सांगितलं आहे, आणि आपल्याकडे त्याचा कागद होऊन तो नागरिकाच्या घरी येतो. 1 जुलै 2024 पासून नवी संहिता आली, 149 चं 168 झालं, ताब्यात घेण्याच्या 151 चं 170 झालं, जमावबंदीच्या 144 चं 163 झालं. गावात अजून 149 च म्हणतात.

माळ घालणं हा कुठला दखलपात्र गुन्हा, हे कुणी मामाला सांगितलं नाही. मामानंही विचारलं नाही, कारण समोरचा पोरगा ओळखीचा, त्याचीही नोकरी, त्याला कशाला पेचात टाकायचं. या पद्धतीची सगळी ताकद इथे आहे. हुकूम देणारा तिथे नसतो. असतो तो सांगकाम्या, तोही आपल्यातलाच. त्याच्याशी भांडणं माणुसकीला धरून होत नाही, आणि ज्याच्याशी भांडायला हवं तो समोर येत नाही. कागदाला ना तारीख, ना सुनावणी. कोर्टाची पायरी चढायची तर उच्च न्यायालयच गाठायला हवं, आणि काढणीच्या दिवसांत खळं सोडून मुंबईला कोण जातो?

मामा ठाण्यातून परत आला त्या संध्याकाळी घरात टीव्ही चालू होता. पडद्यावर पंजाब-हरियाणाची शंभू सीमा. रस्त्यात काँक्रीटच्या भिंती उभ्या केलेल्या, डांबरात खिळे ठोकलेले, आणि 13 फेब्रुवारीला ड्रोनमधून शेतकऱ्यांवर अश्रुधुराच्या नळकांड्या सोडल्या ती दृश्यं पुन्हा पुन्हा दाखवत होते. हरियाणातल्या सात जिल्ह्यांत मोबाइल इंटरनेट बंद. पुढे खनौरीला एक तरुण शेतकरी जिवानिशी गेला. मामी टीव्हीकडे पाहत म्हणाली, "आपल्याकडं बरं म्हणायचं, निदान चहा पिऊन गेले." तिला खरोखर बरं वाटलं होतं आणि तिच्या जागी मलाही वाटलं असतं. नवरा घरी धड परत आला यापलीकडे त्या दिवशी तिला काय हवं होतं? पण तिकडे खिळे आणि इकडे पोहे, यांतून निघालं ते एकच. शेतकरी जिथे जाऊन दोन शब्द बोलणार होता तिथे पोचला नाही. आणि आमच्याकडे तर त्याला अडवणारं बळसुद्धा कुणाला दिसलं नाही.

आता त्या दुसऱ्या कागदाबद्दल, ज्याकडे कुणीच पाहत नाही. जिल्हा पुरवणीत अधूनमधून एक चौकट येते: 'जिल्ह्यात मनाई आदेश लागू'. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951, कलम 37, पोटकलम 1 आणि 3. आदेश एका वेळी 15 दिवसांचा, त्यापुढे चालवायचा तर राज्य सरकारची मंजुरी लागते. कारण ठरलेलं असतं: सण, उत्सव, जयंती, निवडणूक, किंवा 'विविध पक्ष व संघटनांची आंदोलने'. पाच किंवा त्याहून अधिक माणसांनी जमायचं नाही. लग्न आणि अंत्ययात्रा वगळून. काठ्या, सोटे, दगड बाळगायचे नाहीत इथपर्यंत कुणालाही पटेल. पण यादी तिथे थांबत नाही. जाहीर घोषणा देणं, गाणी म्हणणं, वाद्यं वाजवणं, प्रतिमेचं किंवा पुतळ्याचं प्रदर्शन, आवेशाची भाषणं, हावभाव, सोंग आणणं, हे सगळं त्यात येतं. ही यादी मी पुन्हा पुन्हा वाचली. महाराष्ट्रानं आजवर जे जे करून आपलं दुःख चव्हाट्यावर मांडलं त्याचीच ही यादी आहे. पोवाडे, जलसे, पथनाट्य, पुतळ्याचं दहन. 1972 च्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्यासोबतच्या हजारो बायका लाटण्यानं थाळ्या बडवत मुंबईच्या रस्त्यांवर उतरल्या होत्या. थाळी आणि लाटणं ही वाद्यंच झाली.

पंधरा दिवस संपले की पुढचा आदेश निघू शकतो, कारण पुढचा सण तयारच असतो. बाजार समितीच्या आवारात सकाळच्या लिलावाला शेकडो माणसं खेटून उभी असतात तेव्हा तो आदेश कुणाला आठवत नाही. भाव पाडला म्हणून त्याच आवारात तीच माणसं खाली बसली की आठवतो. नियम सगळ्यांना आणि लागू मात्र निवडक माणसांना, तर तो नियम नेमका कशासाठी आहे हे विचारायलाच हवं.

बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या लोकांनी ते विचारलं. 2020 च्या सुरुवातीला नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध त्यांना ईदगाह मैदानावर शांतपणे बेमुदत बसायचं होतं. याच कलम 37 च्या आदेशाचा आधार घेऊन परवानगी नाकारली गेली. ते औरंगाबाद खंडपीठात गेले. फेब्रुवारी 2020 मध्ये न्यायमूर्ती टी. व्ही. नलावडे आणि एम. जी. सेवलीकर यांनी ती मनाई रद्द केली. आदेश दिसायला सर्वांसाठी असला तरी प्रत्यक्षात तो आंदोलन करू पाहणाऱ्यांचं तोंड बंद करण्यासाठी होता, हे न्यायालयानं ओळखलं. एखाद्या कायद्याला विरोध करतात एवढ्यावरून शांततेनं बसणाऱ्यांना गद्दार किंवा देशद्रोही म्हणता येणार नाही, असंही सांगितलं आणि या देशाला स्वातंत्र्य अहिंसक आंदोलनांमुळेच मिळालं याची आठवण करून दिली. तो निकाल वाचताना मला फार दिवसांनी मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं. माजलगावसारख्या तालुक्याच्या गावातली माणसं, त्यांचा एक अर्ज, आणि राज्यघटनेचं कलम 19, त्यातला शांततेनं व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क.

वाईट याचं वाटतं की हे नवीन नाही. मुंबई पोलीस कायद्याखालच्या (आजच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचंच हे जुनं नाव) नियमांचा वाद 1972 मध्येच सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता, अहमदाबादच्या हिंमतलाल शहा यांच्या प्रकरणात. सार्वजनिक रस्त्यावरच्या सभांचं नियमन सरकार करू शकतं, पण त्या सरसकट बंद करू शकत नाही, असं न्यायालयानं तेव्हाच म्हटलं. त्याआधी 1970 मध्ये आपले पुण्याचे मधू लिमये जमावबंदीच्या 144 कलमाविरुद्धच भांडले. ते हरले, कलम घटनेच्या चौकटीत बसतं असं सात न्यायाधीशांनी ठरवलं. पण तातडीची, खरी निकड असेल तरच ते वापरावं असं त्या निकालातच आहे. 2020 च्या जानेवारीत, काश्मीरमधल्या निर्बंधांबद्दलच्या अनुराधा भसीन खटल्यात, न्यायालयानं आणखी पुढे जाऊन सांगितलं की असे आदेश एकामागून एक काढत राहणं हा सत्तेचा दुरुपयोग आहे आणि आदेश लोकांना वाचायला मिळाले पाहिजेत. निकाल आहेत, चांगले आहेत. मामाच्या ओट्यापर्यंत त्यांतला एकही पोचत नाही, नोटीस मात्र एका संध्याकाळात पोचते.

दुसरी बाजू मला दिसत नाही असं नाही. रास्ता रोकोत अडकलेल्या एसटीत मी स्वतः बसले आहे, शेजारी बाळंतिणीला घेऊन निघालेली एक म्हातारी, उन्हाचा चटका, आणि पुढे टायर जळत असलेले. त्या म्हातारीच्या चेहऱ्यापुढे आंदोलनाच्या हक्काबद्दल मोठ्यानं बोलायची हिंमत झाली नसती. आणि आपल्याला तर खुद्द बाबासाहेबांनी बजावून ठेवलं आहे. 25 नोव्हेंबर 1949 च्या संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी सत्याग्रह, असहकार हे मार्ग आता सोडा असं सांगितलं, घटनात्मक मार्ग खुले असताना ते म्हणजे अराजकाचं व्याकरण आहे असं म्हटलं. हे वाक्य आंदोलकांवर नेहमी फेकलं जातं. त्यातली 'मार्ग खुले असताना' ही अट तेवढी गाळून.

महाडला 1927 च्या डिसेंबरमध्ये बाबासाहेबांच्या हातातही मनाई हुकूम पडला होता. चवदार तळ्यावर जायला हजारो माणसं जमलेली, परिषदेला स्पृश्यांनी जागा नाकारली म्हणून फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाच्या जागेवर मांडव घातलेला, आणि दिवाणी न्यायालयाचा तात्पुरता हुकूम आला की तळ्यावर जाऊ नका. जिल्हाधिकारी स्वतः परिषदेत येऊन बोलले. लोक तुरुंगात जायला तयार होते. बाबासाहेबांनी त्यांना समजावून सत्याग्रह तहकूब केला, आणि दावा लढवला. 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयात निकाल त्यांच्या बाजूनं लागला. नऊ वर्षांहून अधिक काळ गेला. पण तिथे एक दावा होता, प्रतिपक्ष होता, उत्तर द्यायला जागा होती आणि परिषदेचा मांडव कुणी उखडला नव्हता. त्यांना जमू दिलं होतं, बोलू दिलं होतं. परक्या सरकारच्या राज्यातही जिल्हाधिकारी मांडवात आले आणि जमलेल्यांसमोर बोलले. मामाला ज्यांच्याशी बोलायचं होतं ते त्याच्या डोक्यावरून उडून गेले.

मुंबईत मी फोर्टात नोकरी करत असे, रोज आझाद मैदानाच्या कडेनं जात असे. पूर्वी मोर्चे काळा घोड्यापर्यंत यायचे. 1997 मध्ये नरिमन पॉइंट-चर्चगेट भागातल्या रहिवाशांची याचिका उच्च न्यायालयात गेली आणि त्यानंतर मुंबईतला निषेध आझाद मैदानाच्या एका कोपऱ्यात आखून दिला गेला. रहिवाशांची तक्रार खोटी नव्हती, त्यांच्या दाराशी रोज भोंगे लागत असतील तर माणूस कावतोच. पण त्या कोपऱ्यात काय होतं ते मी पाहिलं आहे. विनाअनुदानित शाळांचे शिक्षक, आशा, अंगणवाडी सेविका, प्रकल्पग्रस्त, प्रत्येकाची एक ताडपत्री, एक फलक. शेजारी क्रिकेट चालू. मंत्रालय तिथून दिसतही नाही. एक अंगणवाडी सेविका मला म्हणाली होती, "ताई, इथं आम्ही एकमेकींनाच घोषणा ऐकवतो." त्याच कोपऱ्यापासून चालत पाच-सात मिनिटांवर हुतात्मा चौक आहे. 21 नोव्हेंबर 1955 ला फ्लोरा फाउंटनला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात 106 माणसं गेली. मशाल धरलेला शेतकरी आणि कामगार तिथे उभे आहेत, दर 1 मे रोजी त्यांना फुलं वाहिली जातात. आज त्या चौकात तसाच मोर्चा काढायला परवानगी मिळणार नाही.

आणि तरी 2018 चा मार्च मी विसरू शकत नाही. नाशिकहून सुमारे 180 किलोमीटर चालत आलेले शेतकरी आणि आदिवासी 12 तारखेला आझाद मैदानात पोचले. दहावीची परीक्षा चालू होती, सकाळी मुलांची अडचण नको म्हणून ते शीवहून रात्रीतूनच चालत निघाले. मी सकाळी पाहिलं तेव्हा मैदानात माणसं उताणी झोपली होती. एका बाईच्या टाचेची कातडी पूर्ण सोलून निघाली होती, तिनं त्यावर साडीची चिंधी बांधली होती आणि चिंधीला डांबर चिकटलं होतं. मुंबईकर पाणी, बिस्किटं, चपला घेऊन आले होते. कोणाची खिडकी फुटली नाही. सरकारला त्यांच्याशी बोलावं लागलं, लेखी द्यावं लागलं. लोकांनी लोकांची काळजी घ्यायला नोटीस लागत नाही, हे ज्यांनी ती रात्र पाहिली त्यांना कळलं असेल. तो मोर्चा निघण्याआधी प्रत्येकाच्या ओट्यावर फोटो काढले असते तर त्यातल्या किती बायकांना घरच्यांनी निघू दिलं असतं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त त्रास देतो. नोटीस ज्याच्या नावानं येते त्याच्यापेक्षा ती घरावर जास्त काम करते. मामाच्या घरात त्यानंतर बदल झाला. मुलगा पुण्यात कंपनीत आहे, त्याचा फोन आला, "बाबा, पासपोर्टच्या पोलीस व्हेरिफिकेशनला अडचण येईल, तुम्ही सह्या करू नका कशावर." सुनेच्या माहेरी चर्चा झाली. मामी आता निवेदनाचं नाव काढलं की विषय बदलते. मामाला कुणी घाबरवलं नाही, त्याला फक्त त्याच्या माणसांच्या काळजीत गुंडाळून ठेवलं. मे 2024 मध्ये पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांच्या सभेत एका तरुणानं भर गर्दीत उठून 'कांद्यावर बोला' असं ओरडून सांगितलं, ते मामानं मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहिलं. काही बोलला नाही. मग मला विचारलं, "त्या पोराला घरी काही झालं असंल का गं?"

जुलै 2025 मध्ये विधिमंडळानं जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. त्यावर संयुक्त समितीकडे 12 हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या होत्या, काही बदलही झाले. विधेयकाच्या मूळ मसुद्यात कायद्याची आणि कायद्यानं स्थापन झालेल्या संस्थांची अवज्ञा करण्याला प्रोत्साहन देणं हेही बेकायदेशीर कृत्यांच्या व्याख्येत होतं. हा कायदा कडव्या डाव्या, नक्षलवादी संघटनांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही, असं सांगितलं जातं. कलम 37 सुद्धा दंगलींसाठीच आहे. कलम 149 सुद्धा गुन्हेगारांसाठीच. माझा मामा 67 वर्षांचा आहे, माळकरी आहे, त्यानं आयुष्यात कुणावर हात उगारलेला नाही. त्याचा फोटो आज कुठल्या तरी पोलीस ग्रुपमध्ये आहे.

मी आता एक काम केलं आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला आहे. गेल्या तीन वर्षांत आमच्या जिल्ह्यात कलम 37 चे किती मनाई आदेश निघाले, प्रत्येक आदेशाची प्रत, आणि एकही आदेश लागू नव्हता असे दिवस किती. मंत्र्यांच्या दौऱ्यांच्या आदल्या दिवशी किती नोटिसा बजावल्या, आणि त्यांतल्या किती जणांवर पुढे एखादा गुन्हा सिद्ध झाला. बजावणीचे फोटो कुणाच्या हुकमानं काढतात, ते कुठे आणि किती दिवस ठेवतात. अर्जाची एक प्रत मामाला पाठवली. तो म्हणाला, माझंही नाव घाल खाली. मामी मागून काहीतरी बोलत होती, ते फोनवर नीट ऐकू आलं नाही. माहितीचा अर्ज सहसा एकाच्याच नावानं करतात, म्हणून मी त्याला त्याचा वेगळा अर्ज लिहून दिला आहे.